क्लचपासून हेडरेस्टपर्यंत

घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना मागच्या टेम्पोने आमच्या गाडीला ठोकलं. फार जोरात नाही. बंपरला पोचा आला, टेम्पोवाला हात जोडून मोकळा झाला. माझी मान आखडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. हाडांच्या डॉक्टरांनी ती इकडेतिकडे वळवून पाहिली आणि गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, "हेडरेस्ट कुठपर्यंत येतो तुमच्या?"

मग त्यांनीच समजावलं. मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहतं, आणि मधल्यामध्ये मान पिळवटते. हेडरेस्ट त्या क्षणासाठी असतो, डुलकी काढायला नाही. त्याचं वरचं टोक माथ्याच्या पातळीला हवं, अगदीच नाही तर कानांच्या वर तरी. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यातली फट 5 सेंटिमीटरच्या आत असली तर उत्तम. मानेच्या मागे आला तर तो नसल्यातच जमा, कारण डोकं त्याच्यावरून मागे जातं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेडरेस्ट वर करायला गेले, तर तो जागचा हलेना. दादा आला, त्यानेही दात-ओठ खाऊन ओढून पाहिला. गाडी घेतली तेव्हा ॲक्सेसरीच्या दुकानातून हौसेने रेक्झिनची कव्हरं चढवून घेतली होती. ती इतकी घट्ट शिवलेली, की हेडरेस्टच्या दांड्या जिथे सीटमध्ये शिरतात तिथलं प्लॅस्टिकचं बटण कव्हरच्या आत गडप झालेलं. बोटाने चाचपडत ते सापडलं, कव्हरवरूनच दाबलं आणि एका हाताने वर ओढलं, तेव्हा खट् करून पहिली खाच लागली. दांडीवर खाचा दिसतात. तिथे खटका बसला की नाही हे वरून दाबून बघायचं, नाहीतर तो हळूहळू खाली घसरतो. कव्हरच्या त्या जागा दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडून मोकळ्या करून घेतल्या. (ज्यांच्या सीटच्या कडेला एअरबॅग आहे त्यांनी तर असली कव्हरं फार जपून घ्यावीत. ती बाजूची शिवण एअरबॅगला उघडता यायला हवी.)

हेडरेस्टची उंची मिळाली, पण फट चांगली हातभर. कारण पाठच इतकी मागे कललेली. पाठ सरळ केली तर पाय क्लचवर अडखळायला लागले, सीट सरकवली तर स्टिअरिंग छातीशी. एक धरलं की दुसरं सुटतं. शेवटी सगळं मोडून पायापासून सुरुवात केली, आणि हाच क्रम खरा.

आधी कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून बसायचं. मग क्लच तळापर्यंत दाबायचा आणि गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत सीट पुढे घ्यायची. लिव्हर सोडल्यावर सीट पुढेमागे हलवून बघायची, कारण कधी कधी एकाच बाजूचा रूळ अडकतो आणि ब्रेक दाबल्यावर सीट अचानक सरकते. नंतर पाठ, काटकोनापेक्षा थोडीच मागे. खांदे टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. एवढं झाल्यावर हेडरेस्ट.

माझी उंची पाच फूट, त्यामुळे खरी कसरत पुढेच होती. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत निदान 25 सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर एअरबॅग उघडताना तीच आपल्याला मारते. भाचीच्या कंपासपेटीची चिमुकली पट्टी पुरेना, म्हणून तिची 30 सेंटिमीटरची फूटपट्टी आणली. अंतर भरलं 20. सीट मागे नेली की क्लच लांब. मग सीट तिथेच ठेवून पाठ जरा मागे कलवली आणि स्टिअरिंग खाली घेतलं. खाली घेतल्याने त्याचं तोंडही चेहऱ्याऐवजी छातीकडे झालं. भरले 26. आमच्या मॉडेलला सीट उचलायची सोय नाही, म्हणून खाली पातळ पण कडक गादी घातली. मऊ, जाड उशी घालू नये. धडक बसली की माणूस तिच्यावरून पट्ट्याखाली घसरतो.

पट्टा गळ्याला घासत होता, तो दाराच्या खांबावरची कडी खाली घेतल्यावर खांद्याच्या मधोमध आला. आरसे सगळ्यात शेवटी.

दादा पाच फूट अकरा. त्याने गाडी नेली की माझं सगळं बिघडतं. त्यावर तोडगा असा: सीट पूर्ण पुढे घ्यायची आणि तिथून मागे खटके मोजायचे. माझे दोन, त्याचे सात. हेडरेस्टच्या खाचाही तशाच ठरवल्या.

बाबांचं प्रकरण अवघड. कसारा घाट उतरला की शेजारची सीट ते जवळजवळ आडवी करतात.

"अगं, गाडी तू चालवतेस ना? मग मला कशाला ताठ बसवतेस?"

"बाबा, असं झोपलात की पट्टा छातीपासून सुटतो. ब्रेक लागला तर तुम्ही खालून निघाल."

"एवढी वर्षं कुठं निघालो?"

यावर काय बोलणार! तडजोड म्हणून पाठ दोन खाचा मागे आणि पट्टा अंगासरशी एवढं त्यांनी मान्य केलं. मानेची गोल उशी मात्र मी काढून घेतली, ती डोकं पुढे ढकलते.

मागे आई बसते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला, मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं बातम्यांत आलं, तेव्हापासून ती न सांगता पट्टा लावते. मागचा हेडरेस्ट मात्र दादाने काढून माळ्यावर टाकला होता, मागचं दिसत नाही म्हणून. तो खाली आणला, पुसला, बसवला. मागे कुणी नसलं की खाली दाबायचा, कुणी बसलं की वर करायचा. आईला आधी तो टोचला, कारण खाली असला की पाठीत येतो. वर केल्यावर तक्रार नाही. मधल्या जागेला हेडरेस्ट नाही आणि पट्टाही नुसता कमरेचा, म्हणून तिथे आता डब्यांची पिशवी असते.