समोशावर सव्वाआठ टक्के

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी शहरात, देशी दुकानाची पावती मी पहिल्यांदा नीट वाचली ती समोशांमुळे. तूरडाळ आणि कणकेवर 2 टक्के टॅक्स, कुकरच्या रिंगवर 7.25, आणि काउंटरवरच्या गरम समोशांवर चक्क 8.25! फ्रीझरमधले घेऊन घरी तळले असते तर 2 टक्क्यांत भागलं असतं.

त्याच सुमारास आमच्या वेक काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मला एक मागणी करायची होती: जवळच्या वाचनालयाची वेळ वाढवा. एवढा सेल्स टॅक्स घेता, त्यातून द्या की! नॉर्थ कॅरोलायनात बजेट मंजूर करण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा, मतदानाचा हक्क नाही. पण सुनावणीत कुणालाही बोलता येतं. तीन मिनिटं. नाव नोंदवून टाकलं.

मग बजेटचा दस्तऐवज उघडला आणि माझा मुद्दा एकेक पानागणिक बारगळत गेला.

7.25 पैकी 4.75 राज्याचे. उरलेल्या अडीचमधला अर्धा टक्का बस आणि सार्वजनिक वाहतुकीचा. नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनी तो मंजूर केला, त्याला दुसरीकडे हात लावायचा नाही. (डाळ-कणकेवर तो लागतच नाही.) राहिले दोन टक्के. तेही एका गल्ल्यात पडत नाहीत. कायद्याच्या आर्टिकल 39 खाली एक टक्का, 40 आणि 42 खाली अर्धा-अर्धा. हे पैसे काउंटी आणि तिच्यातली शहरं वाटून घेतात, आमच्याकडे लोकसंख्येच्या प्रमाणात. काउंटीच्या वाट्यातूनही आर्टिकल 40 चे 30 टक्के आणि 42 चे 60 टक्के शाळांच्या इमारती किंवा त्यांच्या कर्जासाठी आधीच बांधलेले. समोशांवरचा तो जादा एक टक्का तर तयार खाण्यावरचा वेगळाच कर. त्यातून वाचनालय नाही, स्टेडियम आणि कन्व्हेन्शन सेंटरसारखी कामं होतात.

जे मोकळं उरतं ते काउंटीच्या सामाईक तिजोरीत, म्हणजे जनरल फंडात, प्रॉपर्टी टॅक्सच्या मोठ्या ढिगात मिसळतं. वाचनालयही त्याच ढिगातून चालतं. म्हणजे मी मागत होतो ते चुकीच्या खिशातून.

मला सगळ्यात गंमत वाटली ती अंदाजाची. डिसेंबरच्या खरेदीचा टॅक्स दुकानदार जानेवारीत राज्याकडे भरतात, काउंटीला तो मार्चमध्ये मिळतो. काउंटीचा मॅनेजर मेमध्ये पुढच्या वर्षाचं बजेट मांडतो तेव्हा हिवाळ्यापर्यंतचेच आकडे हातात असतात. आणि बजेट जमा-खर्च जुळवूनच मांडायचं, तूट चालत नाही. मग आकडा हात राखूनच धरणार ना! मीही पगारवाढ धरून गाडी घेत नाही.

सुनावणीच्या आदल्या रात्री भाषण पुन्हा लिहिलं. सेल्स टॅक्सचा उल्लेख खोडला. वाचनालय बंद झाल्यावर, संध्याकाळी सहानंतर पार्किंगमध्येच गृहपाठ करत बसणारी मुलं तेवढी भाषणात ठेवली. सुनावणी काउंटीच्या मुख्यालयी, रॅले शहरात. तिथे माझ्या आधी चौदाजण बोलले, बहुतेक शाळांवर. माझी पाळी आली तेव्हा मला घाईच फार. अडीच मिनिटांत संपवून बसलो. समोरून फक्त 'थँक यू' आलं.

जूनमध्ये बजेट मंजूर झालं, वाचनालयाची वेळ होती तीच राहिली. 1 जुलैला नवं आर्थिक वर्ष लागलं, तेव्हा मी एप्रिलमध्ये घेतलेल्या कुकरच्या रिंगचा टॅक्स काउंटीच्या हाती पडायचाच होता.