पाचवा रेणू

अकरावीच्या सराव संचातलं एक गणित दरवर्षी निम्म्या वर्गाचं चुकतं. मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, 5 ग्रॅम स्फटिक तापवून सगळं पाणी उडवलं, तर उरलेल्या क्षाराचं वजन किती? मोरचुदाच्या सूत्रात ठिपक्यापुढे लिहिलेले पाण्याचे पाच रेणू मुलं विसरतात आणि रेणुभार 249.5 ऐवजी 159.5 धरतात.

यंदा ठरवलं, फळ्यावर सोडवायच्या आधी करूनच दाखवायचं. सकाळी 5.00 ग्रॅम स्फटिक क्रुसिबलमध्ये मोजून 110 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. दुपारी काढले तर मोराच्या गळ्यासारखा तो निळा रंग पार उडालेला, तळाशी पांढुरकी भुकटी. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, गार करून काट्यावर ठेवली. 3.55 ग्रॅम. यायला हवं होतं 3.20.

"मॅडम, काटा बिघडलाय."

मलाही तसंच वाटलं. पुन्हा तासभर ओव्हनमध्ये ठेवून मोजलं. तेच, 3.55. प्रयोग फसला म्हणून मी खडू उचलला, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरची द्राक्षबाग, वर्षभरात वर्गात तोंड उघडलं नव्हतं तिनं.

"काटा बरोबर आहे, मॅडम. उडालं 1.45 ग्रॅम. भागिले 18, म्हणजे 0.08 मोल पाणी. स्फटिक होते 0.02 मोल. चारच रेणू गेलेत. एक आतच आहे."

मी तिची वही हातात घेतली. खाडाखोड नाही, शेवटी 4 ला गोल केलेला. चार रेणू तांब्याच्या आयनाभोवती असतात. पाचवा हायड्रोजन बंधांनी सल्फेटला धरून असतो, तो 200 अंशांच्या पुढेच सुटतो. मी हे कॉलेजात पाठ केलं होतं, आणि आज समोर असून मला दिसलं नाही. तिनं मात्र पुस्तकातल्या उत्तरापेक्षा काट्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला. मला फार आनंद झाला.

मग क्रुसिबल वाळूत ठेवून बर्नरवर हळूहळू तापवलं. थेट ज्योतीवर नाही, फार तापलं की क्षारच मोडतो आणि काळं कॉपर ऑक्साइड उरतं. गार झाल्यावर सगळा वर्ग काट्याभोवती जमला. 3.21.

तास सुटल्यावर ती थांबली. "मॅडम, आमच्याकडे उघड्या पोत्यातल्या मोरचुदावर पांढरा थर येतो. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला बाबा 100 लिटरला 1 किलो तोच घेतात. मग तांबं जास्त पडत असेल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कागदाची पुडी आणून माझ्या टेबलावर ठेवली.