पेशी किती निघाल्या?

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, बाकड्यावर नाव-गाव कुणी विचारत नाही. तसा नियम लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. मात्र रिपोर्ट हातात पडला की शेजारची बाई हळूच कानाशी येते, "किती निघाल्या गं पेशी?" एकदा माझ्या तोंडून 512 ऐकून एक मावशी पार हिरमुसल्या. त्यांच्या 290 होत्या. पण आधीच्या वर्षी त्याच मावशींच्या 125 होत्या. म्हणजे वर्षभरात दुपटीच्या वर गेल्या होत्या त्या, आणि मी जिथल्या तिथं. पेढे त्यांनी वाटायला पाहिजे होते!

माझा पहिला रिपोर्ट 2013 चा, 168. तेव्हा मी उदगीरला ब्लाऊज शिवत होते, आजही शिवते. घरात खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून "रक्तातल्या पेशी कमी झाल्यात" एवढंच सांगितलं. नणंदेला वाटलं डेंग्यू. आपल्याकडं पेशी कमी म्हटलं की डेंग्यूच. तिनं कागदावरचा आकडा बघितला आणि घाबरीच झाली. "अगं वहिनी, दीड लाख पाहिजेत ना? हे काय, 168?" दुसऱ्या दिवशीपासून पपईच्या पानांचा कडूजहर रस सुरू झाला. मी मुकाट्यानं पीत राहिले. सांगणार काय?

तिच्या डोक्यात होत्या त्या प्लेटलेट. माझ्या कागदावर होत्या सीडी-4. या पांढऱ्या पेशींपैकीच, पण त्यातल्या एका खास जातीच्या. रोगजंतू आला की बाकीच्या पेशींना कामाला लावायचं काम यांचं, आणि एचआयव्हीचा विषाणू नेमका यांच्यातच शिरतो. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात साधारण 500 ते 1500 असतात. 200 च्या खाली गेल्या की एरवी अंगाला न लागणारे आजारही धरतात. एक विशिष्ट न्यूमोनिया, बुरशीचा मेंदूज्वर. टीबी तर कधीही गाठतो, पण इथं त्याचं फावतं. म्हणून मला एआरटीच्या गोळीसोबत सेप्ट्रानची ती मोठी पांढरी गोळीही होती. पेशी वर येऊन टिकल्यावर ती बंद झाली. नेहमीच्या सीबीसीत, म्हणजे साध्या रक्ततपासणीत, सीडी-4 चा आकडा येत नाही, त्याची तपासणी वेगळी असते. आणि पपईनं, किवीनं तो वाढत नाही. वाढतो तो रोजच्या गोळीनं.

त्या काळी एक विचित्र गोष्ट होती. सरकारी गोळ्या बहुतेकांना पेशी 350 किंवा त्याच्या खाली आल्यावरच सुरू व्हायच्या. मी 168 वाली, मला लगेच मिळाल्या. माझ्यासोबत तपासणी झालेल्या एका ऊसतोड कामगार बाईच्या 410 होत्या. तिला सहा महिन्यांनी यायला सांगितलं. ती खुशीत गेली, "माझ्या तर चांगल्या हायेत!" आणि दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर निघून गेली. नंतरच्या वर्षी आली ती टीबी घेऊनच. 2017 पासून ही अट गेली. आता निदान झालं की पेशी कितीही असोत, गोळ्या सुरू. माझ्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

दोन रिपोर्टांमधल्या फरकाबद्दल मात्र अजूनही लोक रडतात. 512 नंतर माझ्या 430 आल्या होत्या. आठवड्यापूर्वीच ताप येऊन गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का?" नाही. "मग घरी जा." आमच्या शेतातल्या विहिरीचं असंच आहे. संध्याकाळी मोटार बंद केली तेव्हा पाणी तळाशी दिसतं, सकाळी पाझरून दोन हात वर. एका संध्याकाळवरून कुणी विहीर आटली म्हणत नाही, मागच्या चैत्रात किती होतं ते बघतात. सीडी-4 सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरतात, सर्दी-तापात उतरतात, एकच रक्त दोन लॅबमध्ये दिलं तरी फरक पडतो. तीसेक टक्क्यांपर्यंतचा चढउतार एकट्यानं काही सांगत नाही. जमलं तर रिपोर्टवरचा सीडी-4 चा टक्काही बघा, तो आकड्याइतका हलत नाही.

आता त्या ऊसतोडवाल्या बाईचं पुढचं. एका हंगामात तिच्या गोळ्या सुटल्या. फडातून सुट्टी मागितली तर मुकादम कारण विचारणार, आणि कारण सांगता येत नाही. परत आल्यावर पेशी तपासल्या तर 380. "काही झालंच नाही की!" पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, हजारोंत गेला होता. गोळी थांबली की विषाणू काही आठवड्यांतच वाढतो, पेशी नंतर हळूहळू खचतात. पेशींचा आकडा ही शिळी बातमी असते, ताजी बातमी व्हायरल लोड. आणखी एक. पेशी 800 असल्या तरी गोळी न घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होऊ शकते. पेशी 250 आणि व्हायरल लोड सहा महिने 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे तपासणीत विषाणू सापडलाच नाही, तर शरीरसंबंधातून होत नाही. बाकड्यावर विचारायचंच असेल तर व्हायरल लोड विचारा.

माझी पेशींची तपासणी आता बंद केलीय. 350 च्या वर आहेत आणि व्हायरल लोड दबलेला आहे, म्हणून. यावर बाकड्यावर कुरकुर चालते, "सरकार पैसे वाचवायलंय." मला तसं वाटत नाही. व्हायरल लोड वर्षातून एकदा होतोच. तो वाढला, गोळ्यांत खंड पडला किंवा मोठं आजारपण आलं, तर पेशी पुन्हा मोजतात. ऊसतोडवाल्या बाईच्या मोजल्या. यंदा कारखान्यावर जायच्या आधी समुपदेशक ताईंना सांगून तिनं जास्त महिन्यांच्या गोळ्या बांधून घेतल्यात. डबी मिसरीच्या डब्यात ठेवते म्हणाली, मुकादम तिथं हात घालत नाही.