बाबा मागच्या दारानेच आले

शनिवार रात्र, चिखलदरा

लाईट गेलीय, मेणबत्ती लावून लिहितेय. बोटं गारठलीत पण आज नाही लिहिलं तर उद्या घरी गेल्यावर राहूनच जाणार.

बाबांनी तरुणपणी खव्याचा टेम्पो चालवला. इथल्या गवळ्यांकडून खवा उचलायचा आणि पहाटे घाट उतरून परतवाड्याच्या हलवायांकडे पोचवायचा, रात्रीची झोप टेम्पोतच. ह्या बंगल्यावर पण यायचे ते दूध-खवा द्यायला, पण मागच्या दारापर्यंतच, कारण पुढे साहेब लोक उतरलेले असायचे. म्हणून ह्या वेळी मी इथलीच रूम बुक केली आणि घाट चढेपर्यंत त्यांना सांगितलंच नाही.

गाडी लावली, मी बॅग काढेपर्यंत बाबा गायब. पाहते तर बंगल्याला वळसा घालून मागच्या दाराशी उभे, चपला काढून. म्हटलं बाबा, पुढून या ना, आपली रूम आहे. तर म्हणे, "हो बाई, पाय इकडंच वळले." मला इतकं भरून आलं की पुढे काही बोलताच आलं नाही.

बंगला इंग्रजांच्या काळचा. जाडजूड दगडी भिंती, वर कौलं, लांब व्हरांडा, आणि मागे सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची थोडी झाडं, कॉफी इथे इंग्रजांनीच आणली. गरम पाण्याचा नळ काही चालला नाही, बादली आणून दिली. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधला असं सगळीकडे सांगतात, मला ते कधीच पटलं नाही. अहो, पलीकडे गाविलगड उभा आहे, रॉबिन्सनच्या वीस वर्षं आधी १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून लढून घेतला, आणि कोरकू आदिवासी, गवळी तर इथे राहतच होते, मग शोधलं काय?

जेवणाचं मात्र सविस्तर लिहायचंय. खानसामा काका विचारायला आले, "जेवाले का करू जी?" पनीर होईल म्हणाले, चिकन होईल म्हणाले. बाबांनी हळूच विचारलं, "कुटकीचा भात भेटते का अजून?" कुटकी म्हणजे इकडचं बारीक दाण्याचं भरडधान्य. काका कोरकू आहेत, त्यांचा चेहराच खुलला. "भेटते नं जी, घरचीच कुटकी हाये." मग चुलीवर कुटकीचा भात, तुरीच्या सोल्यांची भाजी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. डायनिंग हॉलमध्ये आठ माणसांचं जुनं सागवानी टेबल आहे, मी हौसेने तिथे ताटं मांडायला लावली, आज बाबा साहेबांच्या खुर्चीवर बसून जेवतील असं माझ्या मनात होतं. बाबा बसले, दोन घास खाल्ले आणि ताट घेऊन उठले, थेट स्वयंपाकघरात जाऊन चुलीपाशी पाटावर. आधी मला वाईट वाटलं, मग मीही माझं ताट उचललं.

तिथे गरम भाकर तव्यावरून सरळ ताटात पडत होती, काका आणि बाबा घाटातल्या वळणांबद्दल बोलत होते, कुठल्या वळणावर दरड यायची, कुठे अस्वल दिसायचं, आणि शेवटी काकांनी रबडी काढली. बाबांनी चमचाभर तोंडात घेतली आणि म्हणाले, आज दुपारच्या दुधाची आहे. काका म्हणाले, हो जी.

अशा जुन्या बंगल्यांना रंग देतात, नवे पडदे लावतात, आणि जेवणाचं काम बाहेरच्या कँटीनवाल्याला देऊन टाकतात. इथे तसं होऊ नये असं फार वाटतं, ती चूल गेली तर नुसत्या भिंतींत काय ठेवलंय.

बाबा शेजारी कानटोपी घालून झोपलेत. झोपताना सांगून ठेवलंय, पाच वाजता उठव पोरी, खव्याच्या गाड्या भरतात ते पाहायला जाऊ.