घोट्यामागची जागा

मंगळवार, रात्र.

आज अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांचे पाचवे सिटिंग झाले. डाव्या कमरेतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ निम्म्याने कमी झाली आहे आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. परंतु संध्याकाळपासून मी ओसरीवर बसून आहे आणि आईच्या एका वाक्यापासून मन हलायला तयार नाही.

सकाळी तालुक्याला निघालो तेव्हा स्वतःचीच कीव येत होती. पऱ्हाटी कमरेला लागली आहे, निंदणाला बाया मिळत नाहीत, आणि मी एसटीत एका अंगावर भार टाकून प्रत्येक खड्डा दातांत धरतो आहे. ही असती तर निदान सोबत... ते असो.

कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर सुया टोचणाऱ्या बाई दर मंगळवारी बसतात. सुई केसापेक्षा थोडीशी जाड असते. बारीक नळीतून ती टेकवतात, बोटाने टिचकी मारतात आणि ती आत जाते. टोचल्याची वेदना जवळजवळ नसते. त्यानंतर मात्र आतून एक जड, पसरत जाणारी रग उठते, ज्याला चिनी वैद्य ‘दे ची’ म्हणतात, आणि ती उठली म्हणजे जागा बरोबर सापडली असे बाई सांगतात. आजची शेवटची सुई बाहेरचा घोटा आणि टाचेची जाड शीर यांच्या मधल्या खोलगट जागी होती. त्या बिंदूला कुनलुन पर्वताचे नाव आहे. वीस मिनिटे मी तसाच पडून भिंतीकडे पाहत होतो. भिंतीवर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे छायाचित्र आहे. 1938 साली चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आणि त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू 1958 मध्ये पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले, हे मी शाळेत मुलांना अभिमानाने सांगत असे. शेजारच्या चौकटीत बाईंचे प्रमाणपत्र आहे. महाराष्ट्राने 2015 साली या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला आहे. छायाचित्र, प्रमाणपत्र, कायदा एवढे सगळे पाठीशी असल्यामुळे मी निश्चिंतपणे पाय पुढे केला.

घरी आल्यावर आईने विचारले म्हणून घोट्यामागचा लाल ठिपका तिला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने लुगड्याचा काठ वर घेतला, स्वतःचा पाय माझ्या पायाशेजारी ठेवला आणि म्हणाली, “इथंच तं मले डागलं होतं.”

तीच जागा. तोच खळगा. चवलीएवढा गुळगुळीत, पांढुरका व्रण.

तो डाग तिने कधी घेतला हे मला पक्के आठवते, कारण त्या संध्याकाळी मी अंगणात चार माणसांसमोर तिला बोललो होतो. वाताने तिचा पाय उचलत नव्हता आणि मी शाळेच्या कामात असताना ती कोणाला तरी घेऊन शेजारच्या गावी डाग देणाऱ्याकडे जाऊन आली होती. मास्तराच्या आईने असे अडाणीपण करावे, मी गावाला काय तोंड दाखवू, असे मी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. मीही तो पाय पाहिला नाही.

तापलेली सळई आणि निर्जंतुक सुई एकच आहे, असे मी आजही म्हणणार नाही. जळलेली कातडी चिघळते, आणि मेळघाटात तान्ह्या लेकरांच्या पोटावर जे डंबे, म्हणजे तापल्या लोखंडाचे चटके, दिले जातात त्यांच्याविरुद्ध मी उद्याही तितक्याच जोराने बोलेन. परंतु चरकसंहितेत गृध्रसीसाठी, म्हणजे ज्याला आपण आता सायटिका म्हणतो त्यासाठी, कंडरा (टाचेची शीर) आणि गुल्फ (घोटा) यांच्या मधल्या याच जागी शिरावेध (शीर टोचून रक्त काढणे) आणि अग्निकर्म (डाग देणे) सांगितले आहे, हे मी कुठेतरी वाचलेले होते. वाचलेले असूनही अंगणात मला ते आठवले नाही. तो डाग देणारा ते वाचून आला नव्हता. त्याच्या बापाने त्याला जागा दाखवली असेल. त्याच्या भिंतीवर कोणाचे छायाचित्र नव्हते, एवढे मात्र मला त्या दिवशी पुरले.

जर्मनीत 1162 कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी 2007 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के, भलत्याच ठिकाणी वरवर टोचून घेतलेल्यांपैकी 44.2 टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्के लोकांना गुण आला. म्हणजे माझी कळ सुईने कमी झाली, की त्या बाईंनी पंधरा मिनिटे पाय हातात घेऊन ‘गुरुजी, इथे दुखते का?’ असे विचारल्याने, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. आईचा पाय तेव्हा कशाने सुटला हेही सांगता येणार नाही. ती पुढे आठ-नऊ वर्षे वेचणीला जात होती, हे खरे आहे.

पण मनाला लागले आहे ते हे नव्हे. ठिपका पाहून झाल्यावर तिने विचारले, “तुले दुखलं का?” मी नाही म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, “मले लय दुखलं होतं. तू कावला ना, म्हून सांगतलं नाही.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कोण्या वर्षी पाऊस किती पडला हे सांगावे तसे तिने सांगितले. मी खाली बसलो आणि तिचा पाय मांडीवर घेतला. व्रणाची कातडी फार मऊ झाली आहे. मी तिथे अंगठा ठेवला तर ती हसली आणि गुदगुल्या होतात म्हणाली, आणि मग दोघांनाही बरे वाटले.

पुढच्या मंगळवारी तिला सोबत यायचे आहे. सुई टोचून घेणार नाही, नुसते पाहणार, असे तिने बजावले आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही; तिचे आधार कार्ड पेटीतून काढून माझ्या पिशवीत ठेवले आहे.