टोकियोतले पहिले आठवडे : इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी

टोकियोला इंटर्नशिपसाठी येणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं, की सुरुवातीचे दिवस फिरण्यात घालवू नका, कागदपत्रांना द्या. शिबुया, आसाकुसा कुठे पळून जात नाहीत.

तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर नारिता किंवा हानेदा विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड, म्हणजे इथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र, मिळतं. त्यावर पत्ता नसतो. राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्डाच्या कार्यालयात, म्हणजे कुयाकुशोत, जाऊन तो नोंदवायचा. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्त्याची ती एक ओळ उमटली की फोन नंबर, बँक खातं अशी पुढची कामं मार्गी लागतात. कंपनीचा विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विम्याचा अर्ज त्याच फेरीत भरा. मग दवाखान्याच्या बिलातले साधारण ३० टक्केच आपल्या खिशातून जातात. वीस वर्षं पूर्ण झाली असतील तर पेन्शनची नोंदणीही लागते. उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो, पण तो स्वतःहून मागावा लागतो. नक्की मागा.

मी राहते निशी-कासाईत, एदोगावा वॉर्डात. आयटीवाली भारतीय कुटुंबं इथे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे तूरडाळ, पोहे, कणीक चालत जाऊन आणता येते आणि संध्याकाळी बागेत मराठीही कानावर पडते. २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे आपल्याकडचेच. नव्याने येणाऱ्याला या भागाचा मोठा आधार वाटतो. मात्र सगळा वेळ आपल्याच माणसांत काढला तर पुण्यात दोन वर्षं घासून शिकलेलं जपानी तसंच राहील. म्हणून भाजी मी मुद्दाम कोपऱ्यावरच्या जपानी आजींकडून घेते.

इथून शहरात जायला मेट्रोची तोझाई लाइन. मुंबईची लोकल माहीत असलेल्यांना फास्ट-स्लो समजावून सांगायला नको: ‘काइसोकु’ म्हणजे फास्ट, आणि ती निशी-कासाईला थांबत नाही. परतताना पाटी वाचूनच चढा. सकाळची गर्दी जबरदस्त असते, पण धक्काबुक्की नसते. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची, फोनवर बोलायचं नाही, दारात असाल तर उतरून बाजूला उभं राहायचं आणि पुन्हा चढायचं. मुलींनी फलाटावर महिलांच्या डब्याची खूण शोधावी. गर्दीच्या वेळी तो डबा राखीव असतो. रोजच्या प्रवासासाठी सुइका किंवा पास्मो या प्रवासाच्या स्मार्ट कार्डावर ‘तेइकी’, म्हणजे पास, काढा. पासाच्या मार्गातल्या कुठल्याही स्टेशनवर जादा पैसे न देता उतरता येतं. सुट्टीच्या दिवशी असं एकेका स्टेशनवर उतरून मी शहर पाहतेय आणि मला ते फार आवडतंय. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो. तो ऑफिसात द्यायचा. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते, त्यानंतर टॅक्सी खिसा रिकामा करते.

ऑफिसात सगळ्यांत जास्त शिकवलं ते ‘निप्पो’ने. रोज संध्याकाळी निघण्याआधी चार ओळींचा अहवाल लिहायचा: आज काय केलं, कुठे अडलं, उद्या काय करणार. माझ्या वरिष्ठ बाई तो छापून घेतात, लाल पेनाने क्रियापदांची रूपं सुधारतात आणि ‘कुठे अडलं’ या ओळीशेजारी छोटं वर्तुळ काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं बोलणं त्या वर्तुळापासूनच सुरू होतं. ती ओळ कधीही कोरी ठेवू नका. अडचण लवकर सांगणारा इंटर्न इथे सगळ्यांना हवासा वाटतो.

शाकाहाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण सूप, सॉस, उकडलेली भाजी, सगळ्यांत ‘दाशी’, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असतं आणि ते बहुधा माशाचं असतं. ‘कात्सुओ’ (दाशीत वापरला जाणारा मासा) हा शब्द लिहिलेला ओळखायला शिका. कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, साध्या दिसणाऱ्या ओनिगिरीच्या (भाताच्या गोळ्याच्या) वेष्टनावरही तो सापडतो. दुपारचा डबा घरून नेणं सगळ्यांत सोपं.

कचऱ्याचं वेळापत्रक घरमालकाकडून पहिल्याच दिवशी घ्या. जळणारा, न जळणारा, बाटल्या-डबे यांचे वार वेगळे असतात आणि पिशवी ठरलेल्या सकाळीच ठेवायची असते. शेजाऱ्यांशी संबंध यावरूनच बनतात किंवा बिघडतात.

आता बॅगेबद्दल. इथे वीज १०० व्होल्टची आणि पिना दोन चपट्या. लॅपटॉपचा चार्जर चालतो, आपला २३० व्होल्टचा मिक्सर चालत नाही. बऱ्याच खोल्यांत इंडक्शन शेगडी असते, तेव्हा साधा अॅल्युमिनियमचा कुकर आणू नका. इंडक्शनला चालणारा स्टीलचा आणा. ताजा कढीपत्ता, आंबे, मांसाचे पदार्थ विमानतळावर अडतात. औषधांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्या: स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानात आणायला बंदी आहे, आणि आपल्याकडे त्या सहज घरात असतात. नेहमीचं औषध असेल तर चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि मूळ पाकिटासकट हातातल्या बॅगेत ठेवा.