राइट इरेज केल्यावरही उरणारी फायरवॉल

सिक्युरिटीच्या सर्टिफिकेशनची तयारी करताना नवीन काही शिकण्यापेक्षा आधीचे पुसण्यातच माझ्या संध्याकाळी अधिक जातात. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या माडीवर सिस्कोची जुनी एएसए ५५१० ही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधली ये-जा तपासून अडवणारे यंत्र, ठेवली आहे. तिचे पंखे इतके घोंगावतात की, "वर मिक्सर कशाला लावलायस रे?" असे आईने एकदा खालून विचारले होते.

परवा एक सराव आटोपल्यावर मी कन्सोलवर राइट इरेज ही पुसण्याची आज्ञा दिली, पाठोपाठ यंत्र पुन्हा सुरू करणारी रीलोड दिली आणि बदललेले कॉन्फिगरेशन सेव्ह करायचे का, या प्रश्नावर सवयीने वाय (हो) दाबले. राइट इरेजने फक्त स्टार्टअप कॉन्फिगरेशन, म्हणजे सुरू होताना यंत्र वाचते ती साठवलेली मांडणी, पुसले जाते. मेमरीतले, त्या क्षणी चालू असलेले रनिंग कॉन्फिगरेशन तसेच राहते आणि वाय म्हटले की तेच पुन्हा स्टार्टअपच्या जागी लिहिले जाते. साहजिकच यंत्र सुरू झाले ते जुन्या होस्टनेमसह (यंत्राच्या नावासह) आणि जुन्या व्हीपीएनसह (सुरक्षित जोडणीसह).

दुसऱ्या खेपेस एन (नाही) दाबले. सिस्कोएएसए हा कोरा प्रॉम्प्ट आला, इनेबलचा, म्हणजे वरच्या अधिकारात शिरण्याचा, पासवर्डही रिकामा होता. पण इंटरफेसला (पोर्टला) नेमइफ या आज्ञेने नाव द्यायला गेलो, तर ती आज्ञाच यंत्र घेईना. बराच वेळ मी स्पेलिंगच तपासत बसलो. शेवटी चालू मोड दाखवणारी शो मोड ही आज्ञा दिल्यावर उलगडा झाला: आदल्या सरावात मी फायरवॉल मल्टिपल कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी फायरवॉल (कॉन्टेक्स्ट) चालवणाऱ्या मोडमध्ये, नेली होती; तिथे नेमइफ मुख्य पातळीवर नव्हे, तर त्या-त्या कॉन्टेक्स्टमध्ये द्यावे लागते, आणि हा मोड कॉन्फिगरेशनच्या फाइलीत लिहिलेला नसल्यामुळे फाइल पुसली तरी तो कायम राहतो. फ्लॅशवर, म्हणजे यंत्राच्या कायमच्या साठवणीत, अ‍ॅडमिन कॉन्टेक्स्टची फाइल आणि मोड बदलताना यंत्राने स्वतःच जपून ठेवलेली जुन्या कॉन्फिगरेशनची ओल्ड_रनिंग.सीएफजी याही जागच्या जागी होत्या. लायसन्सची अ‍ॅक्टिव्हेशन कीही राइट इरेजने जात नाही, हे मात्र आपल्या सोयीचेच आहे.

आता मी आधी मोड सिंगल (एकाच फायरवॉलचा मोड) देऊन यंत्र रीबूट होऊ देतो, फ्लॅशवरच्या कॉन्टेक्स्टच्या फाइली नावे वाचून एकेक काढतो आणि मगच राइट इरेजकडे वळतो. कॉन्फिगर फॅक्टरी-डिफॉल्ट या, कारखान्यातली मूळ मांडणी आणणाऱ्या आज्ञेचा मार्ग मी सरावासाठी टाळतो, कारण त्याने मॅनेजमेंट पोर्टवर १९२.१६८.१.१ हा पत्ता आणि (जोडलेल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारा) डीएचसीपी सर्व्हर आयता बसतो, आणि मला तर पहिली ओळसुद्धा स्वतःच्या हाताने लिहायची असते.